कूर्चेसाठी हायड्रोजेल स्कॅफोल्डचे त्रिमितीय मुद्रण

झिजलेली किंवा दुखापतीत गेलेली कूर्चा (कास्थी) पुन्हा तयार व्हावी म्हणून पाणीदार जेलचा सच्छिद्र आधार थरावर थर देत छापण्याची पद्धत. या आधाराला स्कॅफोल्ड म्हणतात. इमारत उभी राहीपर्यंत बांधून ठेवलेल्या परांचीसारखे त्याचे काम असते. पेशींना टेकू द्यायचा आणि त्यांचे स्वतःचे ऊतक विणून होईल तसतसे विरून जायचे. पेशी बहुधा जेलमध्ये आधीच मिसळलेल्या असतात. अशा मिश्रणाला बायोइंक हे नाव रूढ आहे.

गुडघ्यातील हाडांच्या टोकांवर कूर्चेचा थर असतो तो साधारण २ ते ४ मिमी जाडीचा. त्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि चेतातंतूही नाहीत. त्वचेला जखम झाली की रक्त येते, गुठळी धरते आणि दुरुस्तीसाठी पेशी धावून येतात. नुसत्या कूर्चेला चीर गेली तर यातले काहीच घडत नाही. नष्ट झालेली कूर्चा भरून येत नाही, हे स्कॉटिश शरीररचनाशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ सालीच नोंदवून ठेवले होते. १९९४ मध्ये स्वीडनमधील शल्यचिकित्सकांनी रुग्णाच्याच कूर्चापेशी प्रयोगशाळेत वाढवून त्या गुडघ्यातील खळग्यात सोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पेशी मिळवता येतात, हे त्यातून दिसले. त्या जागच्या जागी धरून ठेवण्याचा आणि त्यांना योग्य घडण देण्याचा प्रश्न मात्र उरला, आणि स्कॅफोल्डची गरज तिथे येते.

जेलच का, याचे एक कारण कूर्चेच्या रचनेतच आहे. तिच्या वजनाचा ६५ ते ८० टक्के भाग पाणीच असतो. ॲग्रेकन हे प्रोटिओग्लायकॅन (शर्करेच्या साखळ्या जोडलेले प्रथिन) पाणी ओढून फुगू पाहते आणि दुसऱ्या प्रकारच्या कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाचे जाळे त्याला आवरून धरते; या ताणातूनच भार पेलण्याची ताकद येते. दुसरे कारण पेशींच्या स्वभावात आहे, आणि माझ्या मते तेच अधिक महत्त्वाचे. सपाट बशीत वाढवलेल्या कूर्चापेशी पसरट होतात, आपली ओळख विसरतात आणि पहिल्या प्रकारचे, म्हणजे व्रणाच्या ऊतकात सापडते तसले कोलॅजेन बनवू लागतात. त्याच पेशी ॲगरोज या शैवालापासून मिळणाऱ्या पदार्थाच्या जेलमध्ये घातल्या तर पुन्हा गोल होतात आणि दुसऱ्या प्रकारचे कोलॅजेन तयार करतात, हे १९८२ मध्ये बेन्या आणि शॅफर यांनी दाखवले. म्हणजे पेशीभोवती काय आहे, यावर ती काय बनवणार हे बरेचसे ठरते.

छपाईसाठी वेगवेगळी जेले वापरतात. तपकिरी सागरी शैवालांपासून मिळणारे अल्जिनेट कॅल्शियम मिळताच घट्ट होते. ते पेशींना सोसते, पण पेशींना चिकटून राहायला त्यात जागा नसते. मेथॅक्रिलॉइल हा रासायनिक गट जोडलेल्या जिलेटिनमध्ये ती असते. प्रकाशसंवेदी द्रव्य मिसळून त्यावर अतिनील किंवा निळसर-जांभळा प्रकाश टाकला की ते पक्के होते. हायल्युरॉनिक आम्ल तर कूर्चेचाच घटक आहे.

छपाईत दाबाने सुईतून जेल बाहेर काढण्याची रीत सर्वाधिक वापरली जाते. सुईच्या टोकाशी जवळून पाहिले तर सगळी अडचण तिथेच दिसते. जेल पातळ असेल तर टोकाशी थेंब धरतो, खाली टेकताच पसरतो, दोन रेघांवरून जाणारी तिसरी रेघ मधे झोळीसारखी लोंबते आणि जाळीची चौकोनी भोके गोल होत होत बुजतात. जेल दाट केले तर रेघ सुतासारखी सरळ पडते, पण सुईतून जाताना पेशी घासल्या जाऊन मरतात. ज्या वाचतात त्यांना त्या गच्च जाळ्यात ऊतक पसरवायला वाव राहत नाही. छपाईला हवे ते पेशींना नको, अशी ही ओढाताण आहे. तिच्यातून मार्ग काढण्याचे दोन प्रयत्न २०१५ मध्ये पुढे आले. एका गटाने अल्जिनेटमध्ये सेल्युलोजचे अतिसूक्ष्म तंतू मिसळले: हे मिश्रण सुईत दाबाखाली वाहते आणि बाहेर पडताच थबकते. कार्नेगी मेलन विद्यापीठातील गटाने जिलेटिनच्या बारीक कणांच्या लगद्यातच छपाई केली. लगदा रेघेला सर्व बाजूंनी सावरतो आणि नंतर ३७ अंश सेल्सियसला वितळवून काढून टाकता येतो.

छापून झालेली वस्तू म्हणजे अजून कूर्चा नव्हे. ती काही आठवडे पोषक द्रवात ठेवतात. मग पातळ काप काढून त्यावर सॅफ्रानिन-ओ हा रंग घालतात. जिथे प्रोटिओग्लायकॅन साठले तिथे लाल छटा येते. पुष्कळदा प्रत्येक पेशीभोवती लाल कडे दिसते आणि दोन कड्यांमधली जागा फिकटच राहते. पेशींनी काम केलेले असते, पण जेलने वाट दिलेली नसते. म्हणून या विषयातले शोधनिबंध वाचताना छापलेल्या कानाच्या देखण्या छायाचित्राआधी हा काप पाहावा.

ताकदीचा प्रश्न वेगळाच. पेशींना मानवणारी मऊ जेले सांध्याच्या कूर्चेच्या मानाने फारच लिबलिबीत असतात. २०१५ मध्येच पॉलिकॅप्रोलॅक्टोन या शरीरात हळूहळू विरणाऱ्या प्लास्टिकच्या केसाहून बारीक तंतूंची जाळी जिलेटिन जेलमध्ये बसवून ताठरपणा ५४ पटींपर्यंत वाढवल्याचे प्रसिद्ध झाले. दाब आला की जेल आडवे फुगू पाहते आणि तंतू ताणले जाऊन त्याला आवरतात. कूर्चेतले कोलॅजेनही हेच करते, म्हणून ही युक्ती मला फार मोलाची वाटते.

बाह्यकर्णाला शरीराचा भार पेलावा लागत नाही, त्यामुळे तिथे वाट थोडी सोपी आहे. जन्मतः एक कान अपुरा वाढलेल्या एका तरुणीला तिच्याच पेशींपासून छापलेला कान बसवल्याचे अमेरिकेत २०२२ मध्ये जाहीर झाले. गुडघ्यात मात्र पृष्ठभागाजवळ आडवे आणि खोलवर उभे असे कोलॅजेनचे थर लागतात. अस्थिमज्जेतील मूलपेशी वापरल्या तर त्या कूर्चेच्या टप्प्यावर न थांबता दहाव्या प्रकारचे कोलॅजेन बनवत हाडाच्या दिशेने जाऊ लागतात. शिवाय नवा तुकडा कितीही चांगला वाढला, तरी जुन्या कूर्चेशी त्याची कड सांधली जाणे कठीण असते. फट राहिली तर चालताना पडणारा प्रत्येक भार तिथेच घाव घालतो.