तलावकाठाचे नियोजन (नागपूर)

तलावकाठाचे नियोजन (नागपूर) : शहरी तलावांच्या काठी रस्ते, बागा, चौपाट्या, करमणुकीची ठिकाणे व घरे उभी करताना पाण्याचा येवा (तलावात येणारे पाणी), साठवण आणि सांडवा (जादा पाणी बाहेर पडण्याची वाट) शाबूत ठेवण्याची व्यवस्था. समुद्रकाठच्या बांधकामांना १९९१ पासून किनारपट्टी नियमन क्षेत्राची अधिसूचना लागू आहे. २०११ व २०१९ मध्ये ती नव्याने निघाली. नागपूरला समुद्र नसल्याने तिचा इथे संबंध येत नाही. काठाचा मोह मात्र इथेही तोच आहे, आणि त्याला आवर घालणारे नियम कितीतरी विस्कळीत आहेत.

नागपूरचे बहुतेक तलाव पाळ, म्हणजे बांध, घालून अडवलेले आहेत. जुम्मा तलाव, म्हणजे आजचा गांधीसागर, गोंड राजा चांदसुलतानाच्या काळचा. फुटाळा (तेलंगखेडी) भोसल्यांनी बांधला. अंबाझरीचे पाणी एकोणिसाव्या शतकात शहराला पिण्यासाठी मिळत असे. गोरेवाडा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आणि तोही पाणीपुरवठ्यासाठीच. हे सगळे ‘मानवनिर्मित’ आहेत, ही साधी बाब पुढे न्यायालयात निर्णायक ठरली.

पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, २०१७ नुसार पाणथळ जागेत आणि मागील दहा वर्षांतल्या सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत बोटींच्या धक्क्याखेरीज कायमस्वरूपी बांधकाम करता येत नाही. पण पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यशेतीसाठी किंवा करमणुकीसाठी मुद्दाम बांधलेले जलाशय याच नियमांच्या व्याख्येतून वगळलेले आहेत. पूर्व विदर्भात, जिथे तलाव म्हटला की तो कोणीतरी बांधलेलाच असतो, तिथे या एका अपवादातून जवळपास सगळे तलाव बाहेर पडू शकतात. भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या काळातले) तलाव सिंचनासाठीच बांधले गेले. आज त्यांत मासे, कमळकंद, पाणवनस्पती आणि हिवाळी पक्षी नांदतात, ढिवरांची, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाची, चूल त्यांवर पेटते. नियमाला मात्र मूळ हेतू तेवढा दिसतो.

फुटाळ्याचा वाद नेमका इथेच अडला. तलावाच्या एका अंगाला चौपाटी, बाकीच्या बाजूंना झाडी. संध्याकाळी पाळीवरच्या रस्त्यालगत भाजलेल्या कणसांच्या गाड्या लागतात, कॉलेजची पोरे दुचाक्या लावून कठड्यावर बसतात आणि पाण्याकडे पाठ करून गप्पा मारतात. या चौपाटीवर प्रेक्षक गॅलरी आणि पाण्यात संगीत कारंजे, तरंगते रेस्टॉरंट व कृत्रिम वडाचे झाड अशी योजना आली. तेलंगखेडीच्या झाडीसमोर खोटा वड कशासाठी, हा प्रश्न कायद्याचा नसला तरी विचारण्याजोगा होता. एका नागरी संस्थेने फुटाळा ही पाणथळ जागा असल्याचे सांगत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये निकाल लागला : फुटाळा मानवनिर्मित जलाशय आहे, २०१७ च्या नियमांतील पाणथळ जागा नव्हे. मात्र ‘सार्वजनिक विश्वस्त’ तत्त्व नैसर्गिक जलस्रोतांपुरते मर्यादित नाही, मानवनिर्मित जलाशयांनाही ते लागू होते, असेही न्यायालयाने म्हटले. म्हणजे सरकार अशा तलावाचे मालक नव्हे, राखणदार आहे. निकालाचा हा दुसरा भाग चर्चेत फारसा आला नाही. नियोजनाच्या दृष्टीने तोच अधिक कामाचा आहे, कारण ५० मीटरचा पट्टा हातून सुटला तरी राखणदारीची जबाबदारी त्याने सुटत नाही.

अंबाझरीत प्रश्न दृश्याचा राहिला नाही. नाग नदी शहराच्या पश्चिमेला लाव्याच्या टेकड्यांकडून येते आणि अंबाझरीच्या सांडव्याखालून भर वस्तीत शिरते. दर पावसाळ्यात तलाव भरला की ‘ओव्हरफ्लो’ बघायला गर्दी लोटते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे मात्र काही तासांत १०० मिमीहून अधिक पाऊस पडला आणि ते पाणी लोकांच्या घरात आले. अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट या भागांत तळमजले बुडाले, गाड्या वाहून गेल्या. काहींचे प्राण गेले. लष्कर आणि आपत्ती प्रतिसाद दलांना पाचारण करावे लागले. सांडव्यासमोर उभारलेल्या विवेकानंद स्मारकाने पाण्याची वाट अडते, नदीचे पात्र बांधकामांनी आवळले आहे, असे आक्षेप घेऊन पूरग्रस्त रहिवासी उच्च न्यायालयात गेले. स्मारकाची जागा सुंदर होती यात शंका नाही. पाळीच्या खालची, पाणी कोसळते त्या समोरची जागा नेहमी सुंदरच असते. ती मोकळी ठेवण्याचे कारणही तेच पाणी असते.

पाटबंधारे खात्याकडे यासाठी पूररेषा आहेत. सर्वसाधारणपणे २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा व १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. पात्रापासून निळ्या रेषेपर्यंतचा भाग निषिद्ध, तिथून लाल रेषेपर्यंतचा नियंत्रित. रेषा नकाशावर आखल्या तरी मंजूर लेआउट आधीच उभे असतील तर त्यांचा उपयोग नुकसानीचा अंदाज बांधण्यापलीकडे फार होत नाही.

काठ कोणासाठी, हाही वाद अंबाझरीलाच पेटला. उद्यानाचा विकास खासगी कंपनीकडे सोपवल्यावर तिथले डॉ. आंबेडकर सांस्कृतिक भवन पाडले गेले आणि त्याविरुद्ध, विशेषतः महिलांनी, दीर्घकाळ धरणे धरले. त्याच तलावाच्या दुसऱ्या बाजूला वन विभागाचे सुमारे ७५० हेक्टरांचे जैवविविधता उद्यान आहे. गवताळ माळ व झुडपे तशीच ठेवून पायवाटा काढल्या, एवढेच त्याचे ‘सुशोभीकरण’. शहरातला सर्वांत यशस्वी काठ कदाचित हाच असावा.

विसर्जनाबाबत नागपूरने खरोखर पल्ला गाठला आहे. पूर्वी फुटाळा, सोनेगाव, गांधीसागर येथे मूर्तींचा खच पडे. महापालिकेने कृत्रिम टाक्यांची सोय वाढवली, निर्माल्यासाठी वेगळे कलश ठेवले आणि हळूहळू तलावांतले विसर्जन बंद केले. लोकांनी कुरकुर केली, पण बदल रुजला. पूर्वेकडच्या नाईक तलाव, लेंडी तलाव यांच्या वाट्याला असे लक्ष उशिरा आले. त्यांचे काठ अतिक्रमणाने आधीच आक्रसले होते.

पाण्याच्या गुणवत्तेचा भाग काठावरून सुटणारा नाही. अंबाझरीत पसरणाऱ्या जलपर्णीला खत मिळते ते वरच्या अंगाच्या वाडीतील सांडपाण्यातून आणि हिंगणा औद्योगिक वसाहतीकडून येणाऱ्या दूषित पाण्यातून. ‘नीरी’सारखी राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्था शहरात १९५८ पासून आहे, वनस्पतींच्या साह्याने सांडपाणी शुद्ध करण्याचे तिचे ‘फायटोरिड’ तंत्रही सिद्ध आहे. अडचण तंत्राची नाही. डिसेंबर २०२२ मध्ये पंतप्रधानांनी पायाभरणी केलेल्या, १,९०० कोटी रुपयांहून मोठ्या नाग नदी प्रदूषण निवारण प्रकल्पाचा रोख शहरातल्या सांडपाण्यावर आहे. वाडीला मात्र स्वतंत्र नगर परिषद आहे आणि हिंगण्याचा कारभार औद्योगिक विकास महामंडळाकडे. नागपूर महापालिकेची हद्द तलावाच्या आसपास संपते; तलावात उतरणारे नाले त्या हद्दीपलीकडून येतात.