माहितीचा अधिकार: १९७५ च्या निकालापासून २००५ च्या कायद्यापर्यंत

सरकारी कागद लोकांपासून दूर ठेवायला इंग्रजांचे दोन कायदे पुरेसे होते: १८७२ चा पुरावा अधिनियम आणि १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम. स्वातंत्र्यानंतरही ते तसेच राहिले. पुरावा अधिनियमाच्या कलम १२३ चा आधार घेऊन उत्तर प्रदेश सरकारने पंतप्रधानांच्या सुरक्षेविषयीचं 'ब्लू बुक' कोर्टापुढे आणायला नकार दिला. इंदिरा गांधींच्या निवडणुकीला आव्हान देणाऱ्या राज नारायण यांच्या त्याच प्रकरणात, १९७५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाचे न्या. के. के. मॅथ्यू यांनी लोकांचा जाणून घेण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला. पण अर्ज कोणाकडे करायचा, उत्तर किती दिवसांत, नाकारलं तर दाद कुठे, हे कायद्यानेच ठरवायला हवं होतं. त्याला तीस वर्षं लागली.

रेटा आला तो राजस्थानातल्या मजुरांकडून. मजदूर किसान शक्ती संगठनने १९९४ पासून जनसुनवाया घेतल्या. दुष्काळी कामांचे हजेरीपट आणि बिलं गावासमोर वाचली की न झालेली कामं आणि न मिळालेली मजुरी उघडी पडे. म्हणून नुसतं 'पाहू द्या' पुरेसं नव्हतं, प्रमाणित प्रत हवी होती. १९९६ चं ब्यावरचं धरणं याच मागणीसाठी चाळीस दिवस चाललं.

तामिळनाडू आणि गोव्याने १९९७ मध्येच कायदे केले. महाराष्ट्राचा २००० चा कायदा इतका दुबळा होता की अण्णा हजारेंच्या आंदोलनानंतर तो बदलावा लागला. २००२ च्या नव्या कायद्यात उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये दंड आला. तरी राष्ट्रपतींच्या संमतीसाठी ऑगस्ट २००३ उजाडला.

केंद्राचा २००२ चा माहिती स्वातंत्र्य कायदा मात्र कधी लागूच झाला नाही. त्यात दंड नव्हता, दुसरं अपीलही सरकारकडेच होतं. सर्वांत मोठी खोट अशी की अंमलाची तारीख ठरवणं सरकारवर सोडलं होतं, आणि ती अधिसूचना निघालीच नाही.

२००५ चा कायदा करणाऱ्यांनी ही पळवाट बरोबर हेरली. १५ जूनला राष्ट्रपतींची संमती मिळाली. १२० व्या दिवशी कायदा पूर्ण लागू होईल हे कलम १(३) मध्येच लिहिलेलं असल्यामुळे १२ ऑक्टोबर ही तारीख कोणाच्या मर्जीवर राहिली नाही. डिसेंबर २००४ चं विधेयक फक्त केंद्रापुरतं होतं, त्यात राज्यंही आली. तीस दिवसांची मुदत, स्वतंत्र माहिती आयोग, जन माहिती अधिकाऱ्याच्या खिशातून जास्तीत जास्त २५,००० रुपये शास्ती, आणि गुपिते अधिनियमावर मात करणारं कलम २२: या चार गोष्टींवर हा कायदा उभा आहे.

नंतरचे घाव याच कायद्यावर बसले. २०१९ च्या दुरुस्तीने आयुक्तांचा कार्यकाळ आणि वेतन ठरवणं केंद्राकडे गेलं; आयोगाची स्वतंत्रता तिथेच कमी झाली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मधल्या, म्हणजे वैयक्तिक माहिती कधी नाकारता येते याच्या, अटी काढल्या, 'जे विधिमंडळाला नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाही' हे परंतुकही गेलं. 'वैयक्तिक माहिती' एवढंच कारण देऊन येणाऱ्या नकाराविरुद्ध आता अपिलात कलम ८(२) मधलं जनहित मुद्देसूद मांडावं लागतं.