गुरुत्व विसंगती

एखाद्या ठिकाणी प्रत्यक्ष मोजलेले गुरुत्व त्वरण आणि पृथ्वीच्या आदर्श विवृत्ताभ (ध्रुवांशी किंचित चपट्या गोलासारख्या) आकारावरून त्या ठिकाणासाठी गणिताने काढलेले त्वरण यांतील फरकास भूभौतिकीत गुरुत्व विसंगती म्हणतात. ती मिलिगॅल या एककात देतात. गॅलिलिओच्या नावावरून ठरलेला १ गॅल म्हणजे दर सेकंदास सेकंदाला १ सेंटिमीटर त्वरण. गुरुत्व त्वरण सुमारे ९८० गॅल असल्याने १ मिलिगॅल हा त्याचा साधारण दहालक्षावा भाग होय.

विषुववृत्त व ध्रुव यांच्या गुरुत्वात सुमारे ५,२०० मिलिगॅलचा फरक असतो, तर भूगर्भातील खडकांमुळे पडणारा फरक पुष्कळदा काही दशक मिलिगॅलांचाच असतो. त्यामुळे अक्षांश, उंची, भोवतालचे डोंगर, चंद्रसूर्यांमुळे येणारी भरती आणि खुद्द गुरुत्वमापकाच्या वाचनात दिवसभरात पडत जाणारा फरक या सर्वांचा हिशेब आधी वजा करावा लागतो. मापकाच्या वाचनातील हा फरक कळावा म्हणूनच सर्वेक्षक ठरावीक आधारस्थानकावर पुनःपुन्हा येऊन वाचन घेतो. उंचीची दुरुस्ती विशेष महत्त्वाची आहे. कर्जतहून लोणावळ्यास चढताना सुमारे ५५० मीटर उंची वाढते व तेवढ्याने गुरुत्व सुमारे १७० मिलिगॅलने घटते. एवढीच दुरुस्ती केली असता मुक्त-वायू विसंगती मिळते. मात्र मधल्या खडकाच्या थराचे स्वतःचे आकर्षण असतेच. त्याची घनता प्रचलित २.६७ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरल्यास ते सुमारे ६० मिलिगॅल भरते, आणि तेही वजा केल्यावर उरते ती बूगे विसंगती. सह्याद्रीतील घट्ट बेसाल्ट याहून जड असल्याने घनता चुकीची धरली तर विसंगतीच्या नकाशात भूगर्भाऐवजी वरच्या डोंगरांचीच छाया उमटते. म्हणून कोणती दुरुस्ती केली व कोणती घनता धरली हे सांगितल्याखेरीज विसंगतीच्या नुसत्या आकड्याला फारसा अर्थ नाही.

या कल्पनेच्या इतिहासात भारताचे स्थान मोठे आहे. एकोणिसाव्या शतकात भारताच्या मोजणीसाठी झालेल्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणात कलियाना (हिमालयाजवळचे) व कल्याणपूर (दूर दक्षिणेकडचे) या दोन स्थानकांच्या अक्षांशांतील अंतर खगोलीय निरीक्षणाने आणि जमिनीवरील मोजणीने वेगळे आले. ही तफावत सुमारे ५.२ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) होती. हिमालयाच्या आकर्षणामुळे ओळंबा कलत असावा असे धरून कलकत्त्याचे आर्चडीकन व गणितज्ञ जॉन प्रॅट यांनी १८५५ मध्ये हिशेब केला, तेव्हा ती जवळजवळ १५.९ विकला असायला हवी होती. पर्वताखाली कमी घनतेचे द्रव्य असल्याखेरीज हे जुळत नव्हते. यातून ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एअरी व प्रॅट यांचे समस्थायित्वाचे, म्हणजे उंच पर्वतांचे जादा वजन खालच्या हलक्या द्रव्याने तोलले जाते असे सांगणारे, सिद्धांत पुढे आले. हिमालय व तिबेटमधील मोठी ऋण बूगे विसंगती त्याच कारणाने येते.

तेलशोधात, हलक्या मिठाच्या घुमटांवरील ऋण विसंगती उपयोगी पडली. टेक्सासमधील नॅश घुमट १९२४ मध्ये अशाच सर्वेक्षणातून सापडला. दख्खनच्या पठारावर बूगे विसंगती बहुतांशी ऋण असून कोयना व कुर्डुवाडी येथील गुरुत्व-नीच (भोवतालपेक्षा कमी गुरुत्वाचे) पट्टे परिचित आहेत, तर मुंबई परिसरात भूकवचात शिरलेल्या जड अग्निजन्य खडकांमुळे गुरुत्व-उच्च आढळते.

खोल लहान आणि उथळ पसरट वस्तुमान यांतून एकसारखीच विसंगती येऊ शकते, त्यामुळे केवळ तिच्यावरून भूगर्भरचना निश्चित होत नाही. कोयना परिसरात बेसाल्टखाली गाळाचे खडक आहेत की नाहीत, याचे उत्तर विंधनछिद्रानेच दिले: तेथे सुमारे ९३० मीटर बेसाल्टखाली थेट ग्रॅनाइटी नाइस या रूपांतरित खडकाचा पाया लागला.