सिंक की बॅकअप: उडालेली फाइल नक्की कुठून परत येते?

नोव्हेंबरात मोहराची चाहूल लागली की देवगडचा बागायतदार गेल्या हंगामाची फवारणीची एक्सेल फाइल शोधतो. कोणतं औषध, किती पाण्याला किती, कोणत्या तारखेला, कोणत्या कलमांना. फाइल जागेवर नसते. एप्रिलमध्ये, पेट्या भरायच्या धांदलीत, कोणीतरी डेस्कटॉप साफ करताना ती उडवलेली असते. ‘आपलं सगळं वनड्राइव्हवर जातं, बॅकअप आहेच’ असं म्हणून तो मोबाइलवर बघतो, तर तिथूनही ती गेलेली. वनड्राइव्हने, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीने, यात काही बिघडवलेलं नाही. त्याला नेमून दिलेलं काम सिंकचं होतं, आणि ते त्याने चोख केलं.

सिंक म्हणजे एकच फोल्डर कॉम्प्युटर, मोबाइल आणि इंटरनेटवरच्या खात्यात सारखं ठेवणं. एका ठिकाणी बदल झाला की थोड्याच वेळात तो बाकी सगळीकडे पोचतो. डिलीट हासुद्धा बदलच, त्यामुळे तोही पोचतो. चुकून अर्धा तक्ता पुसून सेव्ह केलात तर तो अर्धा तक्ताही पोचतो. बॅकअप म्हणजे ठरावीक वेळी काढून बाजूला ठेवलेली प्रत. मूळ फाइलचं पुढे काय झालं याच्याशी त्या प्रतीचा संबंध उरत नाही.

गोंधळ होतो यात लोकांची फारशी चूक नाही, कारण शब्दच फसवा वापरलेला आहे. वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स या फोल्डरांसाठी ‘बॅकअप’ असंच लिहिलेलं असतं. ते चालू केलं की प्रत्यक्षात ही फोल्डरं उचलून वनड्राइव्हच्या फोल्डरात नेली जातात आणि त्यांचं सिंक सुरू होतं. वेगळी, हात न लागणारी प्रत कुठेच तयार होत नाही.

तरीही सिंकमधून फाइल परत मिळते, पण मुदतीत. वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यात डिलीट केलेली फाइल रिसायकल बिनमध्ये ३० दिवस राहते. ऑफिसच्या किंवा शाळेच्या खात्यात साधारण ९३ दिवस. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्येही ३० दिवस. हे दिवस डिलीट केल्यापासून मोजतात, तुमच्या लक्षात आल्यापासून नव्हे. आपल्याकडचं बरंचसं काम वर्षाच्या फेऱ्यात चालतं: आंब्याच्या पट्ट्यांचा, म्हणजे दलालाकडून येणाऱ्या विक्रीच्या चिठ्ठ्यांचा, हिशोब मार्च ते मे, होमस्टेचं बुकिंग दिवाळी ते मे, गणपतीची वर्गणी भाद्रपदात. फाइल पुन्हा उघडली जाते ती पुढच्या वर्षी. म्हणून ३० दिवसांची मुदत कोकणातल्या घरगुती नोंदींना पुरत नाही, आणि खरा बॅकअप हवाच असं आमचं ठाम मत आहे.

मुदतीत असाल तर हे करा. ब्राउझरमध्ये वनड्राइव्हच्या वेबसाइटवर त्याच खात्याने लॉग इन करा, डावीकडे ‘रिसायकल बिन’ उघडा, फाइल निवडा, ‘रिस्टोअर’ दाबा. ती मूळ फोल्डरात परत येते आणि सिंक होऊन कॉम्प्युटरवरही उतरते. कॉम्प्युटरच्या रिसायकल बिनमध्ये नाही म्हणून हात टेकू नका. फाइल फक्त ऑनलाइन ठेवलेली असेल, म्हणजे तिच्यापुढे ढगाचं चिन्ह असेल, तर ती फक्त ऑनलाइन बिनमध्येच सापडते.

फाइल आहे पण आतला मजकूर बिघडला आहे, हा जास्त त्रासदायक प्रकार. तेव्हा बिनमध्ये शोधून उपयोग नाही, कारण डिलीट काही झालेलंच नसतं. वनड्राइव्हच्या वेबसाइटवर फाइलवर उजवं क्लिक करून ‘व्हर्जन हिस्टरी’ बघा. वैयक्तिक खात्यात शेवटच्या २५ आवृत्त्या मिळतात. गूगल ड्राइव्हवर चढवलेल्या फाइलला ‘मॅनेज व्हर्जन्स’ आहे, तिथे जुन्या आवृत्त्या ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंत राहतात. महत्त्वाच्या आवृत्तीवर ‘कीप फॉरएव्हर’ करून ठेवा.

आता बॅकअपकडे. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘फाइल हिस्टरी’ नावाची सोय आहे, पण ती आपोआप चालू नसते. बाहेरची हार्ड डिस्क लावायची, कंट्रोल पॅनेलमध्ये फाइल हिस्टरी उघडायची आणि ‘टर्न ऑन’ करायचं. मग दर तासाला बदललेल्या फाइलची नवी प्रत डिस्कवर पडते आणि जुनीही राहते. ‘अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज’मध्ये जुन्या प्रती किती काळ ठेवायच्या ते ‘फॉरएव्हर’ असतं. ते तसंच राहू द्या.

उडालेली फाइल परत आणताना कंट्रोल पॅनेलमधल्या फाइल हिस्टरीत डावीकडचं ‘रिस्टोअर पर्सनल फाइल्स’ उघडा. समोर येतं ते शेवटच्या प्रतीच्या वेळचं चित्र, त्यात फाइल दिसणार नाही. खालच्या डाव्या बाणाने एकेक पाऊल मागे, फाइल अजून जागेवर होती त्या तारखेपर्यंत जा. फाइलवर डबल क्लिक करून आधी आतला मजकूर तपासा. मग हिरवं बटण दाबायची घाई करू नका. ते मूळ जागी परत ठेवतं, आणि तिथे त्याच नावाची नवी फाइल असेल तर बदलू का म्हणून विचारतं. घाईत ‘रिप्लेस’ दाबलं तर एप्रिलनंतरच्या नोंदी जातात; मूळ फोल्डर वनड्राइव्हमधलं असेल तर हा बदल मोबाइलपर्यंत पोचतो. त्याऐवजी उजवं क्लिक, ‘रिस्टोअर टू’, आणि वेगळं रिकामं फोल्डर. दोन्ही फाइली शेजारी उघडून हवं तेवढंच उचला.

कॉम्प्युटरच बंद पडला असेल तर डिस्क दुसऱ्या विंडोज मशीनला लावून ‘फाइलहिस्टरी’ फोल्डरात उतरा, ‘डेटा’ फोल्डरापर्यंत. फाइली साध्या प्रतीच असतात, कॉपी करता येतात. प्रत्येक नावामागे तारीख-वेळ असते, ती यूटीसीची, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. सकाळी अकराची प्रत तिथे साडेपाचची दिसेल.

फाइल हिस्टरीच्या तीन अडचणी वारंवार दिसतात. ती डेस्कटॉप, विंडोजच्या लायब्ररी (डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे) अशा ठरलेल्या जागाच उचलते. हिशोब थेट डी ड्राइव्हवर ठेवला असेल तर ते फोल्डर लायब्ररीत घालावं लागतं. वनड्राइव्हमधल्या ढगाचं चिन्ह असलेल्या फाइली ती घेत नाही. आणि डिस्क लावलेली नसेल तोपर्यंत नव्या प्रती डिस्कवर जात नाहीत. डिस्क आठवड्यातून एकदाच लावत असाल तर लावल्यावर ‘रन नाऊ’ दाबा.

मॅकवर टाइम मशीन हेच काम करतं: २४ तासांच्या ताशी प्रती, महिनाभराच्या रोजच्या, त्यामागे आठवड्याच्या. त्यामुळे दोनच दिवस जगलेली फाइल महिनाभरानंतर सापडेलच असं नाही. विंडोजचं ‘सिस्टम रिस्टोअर’ यात धरू नका. ते विंडोजच्या सेटिंग आणि प्रोग्रॅम मागे नेतं, तुमची कागदपत्रं आणि फोटो नाही.

फोटोंमध्ये हाच घोटाळा. गूगल फोटोजमध्ये ‘फ्री अप स्पेस’ फक्त मोबाइलवरची प्रत काढतं, ‘डिलीट’ मात्र खात्यातूनही काढतं. बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो. गणपतीतले फोटो दिवाळीच्या साफसफाईत उडाले तर शिमग्याला ते मिळणार नाहीत.

काहीच नसेल तर रिकव्हरी सॉफ्टवेअर हा शेवटचा प्रयत्न. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर पुसलेला मजकूर वरून दुसरं लिहिलं जाईपर्यंत राहतो, म्हणून कॉम्प्युटर लगेच बंद करा आणि सॉफ्टवेअर त्याच ड्राइव्हवर टाकू नका. नव्या, फिरता भाग नसलेल्या एसएसडीवर ट्रिम ही सोय पुसलेली जागा लवकरच मोकळी करते, तिथे आशा फार कमी.

डिस्क ठेवायची कुठे, हा प्रश्न किनारपट्टीवर जास्त महत्त्वाचा. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं. कॉम्प्युटर आणि बॅकअपची डिस्क एकाच टेबलाच्या खणात असेल तर दोन्ही एकदम जातात. वळवाच्या पावसात वीज चमकत असताना लावलेली डिस्क कॉम्प्युटरबरोबरच जळू शकते. म्हणून प्रत काढून झाली की डिस्क काढा, सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून उंच ठेवा. पण पत्र्याखालच्या तापलेल्या माळ्यावर नको.

दुसरी डिस्क गावाबाहेर हवी. मुंबईची माणसं शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीला येतातच. येताना एक डिस्क आणायची, जाताना ताजी घेऊन जायची, असं ठरवलं तर वर्षातून तीनदा अदलाबदल होते. सगळंच इंटरनेटवर चढवायचं म्हणाल तर ४० जीबी फोटो ५ एमबीपीएस अपलोडने जायला जवळपास १८ तास लागतात, तेही मध्ये लाईट गेली नाही तर. आधी काय जपायचं तेही ठरवा. सातबारा ऑनलाइन पुन्हा काढता येतो. पणजोबांच्या खरेदीखताचा स्कॅन आणि दहा वर्षांच्या फवारणीच्या नोंदी पुन्हा कुठून मिळणार?

तुमच्याकडे नक्की काय आहे हे पंधरा मिनिटांत कळतं. सिंक होणाऱ्या फोल्डरात ‘चाचणी’ नावाची फाइल करा, दोन ओळी लिहा, मोबाइलवर दिसेपर्यंत थांबा. डिस्क लावून ‘रन नाऊ’ दाबा. मग कॉम्प्युटरवरून फाइल डिलीट करा. मोबाइलवरूनही ती गेली तर ते सिंक. आता डिस्कवरून ती वेगळ्या फोल्डरात परत आणा आणि उघडून दोन्ही ओळी आहेत का ते वाचा.