गवत कशाने मोजायचे? ठाण्याच्या कुरणांची पार्श्वभूमी

जूनमध्ये दोन-चार दमदार पाऊस झाले की ठाणे-वाशी लोकलच्या खिडकीतून दिसणारा पारसिकचा डोंगर वरपासून खालपर्यंत हिरवागार होतो. ऑक्टोबर उजाडला की तोच उतार तुकड्यातुकड्यांनी वेगळा दिसू लागतो. कुठे कुसळीचे तांबूस तुरे, कुठे टाकळ्याच्या वाळत्या शेंगा, कुठे रानमोडीची दाटी, कुठे गिरिपुष्पाची लावलेली झाडे आणि मध्येच खाणींनी उघडा पाडलेला काळा दगड. अशा जमिनीवर मूळचे गवत परत आणायचे, तर ते आले हे ओळखायचे कशावरून? प्रश्न आजचा वाटतो, पण या जिल्ह्यात गवत मोजण्याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि ते माप वेळोवेळी बदलत आले आहे.

कोकणच्या महसुली दप्तरात भातखाचर वेगळे आणि वरकस वेगळी. वरकस म्हणजे उताराची, हलकी जमीन. तिच्यावर दोन-तीन वर्षे नाचणी-वरी काढायची आणि मग ती पड टाकायची; त्या पडीत गवत वाढे. शेतकऱ्याच्या लेखी तिची किंमत राबावरून ठरे. भाताचे रोप टाकण्याआधी वाफ्यावर पाला, शेण, गवत पसरून जाळायचे, तो राब. वरकस नसेल तर खाचर अपुरे. इंग्रजी अमदानीत वनखात्याने जंगले राखीव करायला घेतली, तेव्हा राबाच्या पाल्यावरून ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत इतका असंतोष माजला की सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा. डोंगराचा हिशेब तेव्हा भाऱ्यांत होता.

मुंबई शहराने मात्र दुसरेच माप आणले. १८५३ मध्ये रेल्वे ठाण्यापर्यंत आली. १८७४ मध्ये मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली तेव्हा कंपनीच्या पागेत ९०० घोडे होते. १९०५ मध्ये कंपनीचा कारभार संपला तेव्हा १,३६० होते. याशिवाय व्हिक्टोरिया घोडागाड्यांचे घोडे, बैलगाड्यांचे बैल आणि तबेल्यांतल्या म्हशी. एवढ्या तोंडांना वाळला चारा पुरवणारा सगळ्यात जवळचा मुलूख म्हणजे ठाणे जिल्हा, जो तेव्हा थेट डहाणू-उंबरगावपर्यंत पसरलेला होता. गवताला नांगर नको, पेरणी नको. जमीनदार आणि सावकार मोठाली कुरणे राखू लागले. पाऊस सरला की मजूर लावून कापणी आणि गंजी, आणि तिथून माल मुंबईला.

हे मजूर म्हणजे मुख्यतः वारली. वेठीने आणि कर्जाने बांधलेले. १९४५ मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने जो लढा उभारला, त्याची एक मागणी गवताच्या मापातच होती: ५०० पौंड गवत कापण्याला अडीच रुपये. ऐन कापणीच्या हंगामात संप झाला. त्या ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण मारले गेले.

कुरणांच्या टिपणात हा प्रसंग मी मुद्दाम आणतो. ‘मूळचे कुरण’ म्हटले की माणसाचा हात न लागलेली जमीन डोळ्यांपुढे येते. ठाण्यातली पुष्कळ कुरणे तशी नव्हती. वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात, जिथे माती खोल आहे तिथे कापणी, चराई आणि वणवा थांबला की झुडपे येतात आणि पुढे जंगल सरसावते. ती कुरणे दरसाल विळा चालला म्हणून कुरणे राहिली. पण कातळ-सड्यांवर आणि दगडी माथ्यांवर, जिथे मातीचा थर वीतभरही नाही, तिथे झाड उभेच राहत नाही. तिथले गवत खरोखर तिथलेच, पिढ्यान्‌पिढ्यांचे. भारतीय द्वीपकल्पाबाहेर कुठेही न सापडणाऱ्या ग्लायफोक्लोआ या गवताच्या जाती अशाच जागी वाढतात. या दोन जागांचे पुनरुज्जीवन एकाच आराखड्याने होऊ शकत नाही. कामाला हात घालण्याआधी जुना सातबारा आणि फेरफार काढून पाहावा, असे मी म्हणतो ते याचसाठी.

स्वातंत्र्यानंतर शहरातले घोडे कमी होत गेले. १९४९ मध्ये आरे वसाहत झाली, म्हशी तिकडे गेल्या आणि त्यांच्यासाठी पॅरा गवत लावले गेले, जे मुळात परदेशी. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे-कुलाब्यातल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई आखली गेली. गवताचे गिऱ्हाईक संपत आले आणि त्याबरोबर गवताच्या जमिनीचे नावही बदलले: पडीक. १९८२ मध्ये राज्यात सामाजिक वनीकरण विभाग आला, १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ. पडीक म्हटल्यावर उपाय एकच, झाडे लावा. गिरिपुष्प, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ. २०१९ च्या पावसाळ्यात राज्याने एकट्या एका वर्षासाठी ३३ कोटी रोपांचे लक्ष्य ठेवले होते. खड्डे मोजले गेले, रोपे मोजली गेली. ज्या गवतात खड्डा खणला ते कोणते होते, हे लिहून ठेवण्याचा रकाना कागदावर नव्हता. मला हे नुकसान फार मोठे वाटते, कारण पूर्वी काय होते याची नोंदच नसेल तर आज काय परत आले हे कशाशी ताडून पाहायचे?

नोंदी अगदीच नाहीत असे नाही. ब्लॅटर आणि मॅकॅन यांनी मुंबई इलाख्यातल्या गवतांचा ग्रंथ १९३५ मध्ये सिद्ध केला. १९७३ मध्ये दबडघाव आणि शंकरनारायण यांनी देशभरच्या गवताळ प्रदेशांची पाच प्रकारांत विभागणी मांडली, तीत आपला भाग सेहिमा-डायकँथियम प्रकारात येतो. सेहिमा म्हणजे पवना-शेडा, डायकँथियम म्हणजे मारवेल. या मांडणीचा सगळ्यात उपयोगी भाग म्हणजे घसरणीचा क्रम. चराई वाढत गेली की आधी पवना आणि मारवेल मागे हटतात, मग डोंगरी गवत, मग कुसळीचे राज्य येते, आणि शेवटी एका हंगामात उगवून वाळून जाणारी, गुरे तोंड न लावणारी गवते उरतात. सुधारणा व्हायची ती याच पायऱ्यांनी उलटी वर. म्हणजे कोणते गवत दिसते, यावरून जमीन कोणत्या पायरीवर आहे ते कळते.

आजची मोजणी यावरच उभी आहे. एक मीटर बाय एक मीटरची चौकट ठरलेल्या जागी टाकायची, कोणत्या जातीने किती टक्के जमीन झाकली ते लिहायचे, बहुवर्षायू, म्हणजे वर्षानुवर्षे जगणाऱ्या गवतांचे ठोंब मोजायचे, शेजारच्या चौकटीतले गवत कापून वाळवून वजन घ्यायचे. हे दरवर्षी त्याच आठवड्यांत, सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या दरम्यान, कारण तुरा आल्याशिवाय बरीच गवते ओळखू येत नाहीत. जिथे काहीच काम केले नाही असा एक तुकडा आणि जिथे जुने गवत शाबूत आहे असा दुसरा तुकडा, हे दोन्ही सोबत मोजायचे. नाहीतर चांगल्या पावसाचे श्रेय आपल्या कामाला जाते. उपग्रहाच्या चित्रातल्या हिरवेपणावर विसंबू नये. घाणेरी आणि रानमोडी ही परदेशी तणेही हिरवीच असतात.

आणि घाई करू नये. आशिष नेर्लेकर आणि जोसेफ वेल्डमन यांनी २०२० मध्ये जगभरच्या अभ्यासांची छाननी करून दाखवले की एकदा मोडून पुन्हा उगवलेल्या गवताळ जमिनींत जुन्या जमिनींपेक्षा ३७ टक्के कमी जाती असतात, आणि ती उणीव भरायला निदान एक शतक, सरासरीने १,४०० वर्षे लागू शकतात. जमीन झाकली जाणे दोन-तीन पावसाळ्यांत जमते, जाती परतायला पिढ्या लागतात. म्हणून पैसा थोडा असेल तर तो आधी शाबूत सड्यांवर खर्चावा: तिथे खड्डे खणू देऊ नयेत आणि बी गळेपर्यंत कापणी थांबवावी. शेजारच्या मोडलेल्या जमिनीसाठी बियाणे तिथूनच मिळणार आहे.

मुरबाड-शहापूरकडच्या ठाकूर आणि कातकरी वस्त्यांमध्ये तुरा येण्याआधीच, नुसत्या पात्यावरून आणि ठोंबाच्या ठेवणीवरून गवताचे नाव सांगणारी म्हातारी माणसे अजून आहेत. चौकट टाकायला जाताना त्यांना सोबत न्यावे, त्यांनी सांगितलेली नावे वहीत पहिल्या रकान्यात लिहावीत, आणि दिवसाची मजुरी आधी ठरवून द्यावी.