शेतीसंरक्षण बंदूक: अर्ज भरण्याआधी बंदूक ठरवा

शिकारीला कुठली बंदूक बरी, असं कुणी विचारलं की आधी उलटं विचारावं लागतं, शिकार कसली? वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे हौसेची शिकार बंद आहे. उरतात ती भाताचा कोपरा एका रात्रीत नांगरून टाकणारी रानडुकरं, आणि त्यांच्यासाठी शेतीसंरक्षणाचा परवाना.

अर्जात शस्त्राचा प्रकार लिहावा लागतो. बरेच जण तिथे शेजाऱ्याचं बघून लिहितात आणि पुढे पस्तावतात. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी मुळात ठासणीची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायची, धरली आहे. ती पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तर काडतुसाची, गुळगुळीत नळीची बंदूक मिळू शकते. पण हे पटवायचं तुम्हालाच आहे. ठासणीची दारू पावसाळी हवेत दमट होते, एक बार झाला की पुन्हा भरेपर्यंत डुक्कर कुंपणापार, ही कारणं अर्जासोबत वेगळ्या कागदावर लिहून द्या.

प्रकार ठरला की खांदा बघा. बारा बोअरची दुनळी साधारण तीन किलोच्या आसपास भरते. मचाणावर दोन तास मांडीवर ठेवायला ते काही नाही, पण झटकन उचलायला आहे. दुकानात बंदूक आधी रिकामी असल्याची खात्री करा. मग दस्त्याचं, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाचं, टोक कोपराच्या खोबणीत टेकवा आणि बोट घोड्यापर्यंत (ट्रिगरपर्यंत) नेऊन बघा. बोट ताणावं लागलं तर दस्ता लांब. मग डोळे मिटून ती खांद्याला लावा आणि उघडा. माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा मणी, समोर सरळ दिसली तर बंदूक तुमच्या अंगाची. बुटक्या माणसाने लांब नळीच्या मोहात पडू नये, हे माझं मत. काडतुसांचा विचार केला तरी बारा बोअर सोयीची, तिची काडतुसं आपल्या पुण्यातल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातही बनतात.

आता कागद. अर्जदाराचं वय २१ पूर्ण हवं. अर्ज नमुना ए-१ मध्ये, जिल्हाधिकारी कार्यालयाकडे. सिंधुदुर्गात म्हणजे ओरोसला. सोबत फोटो, आधार, जन्मतारखेचा आणि राहण्याचा पुरावा, शारीरिक-मानसिक आरोग्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्रसुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि बंदूक घरात सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र. शेतीसाठी म्हणून सातबारा, ८-अ आणि नुकसानीचे पंचनामे जोडा. पंचनाम्यावरच अर्ज उभा राहतो, म्हणून डुकरं येऊन गेली की त्याच दिवशी तलाठ्याला कळवायची सवय लावा. अर्जानंतर पोलिस ठाण्याकडून चौकशी होते. नकार आला तर कलम १८ खाली अपील आहे.

घरात वडिलांची बंदूक असेल तर नवी घेण्याआधी वारसाचा मार्ग बघा. परवानाधारक वारल्यावर, किंवा तो ७० वर्षांचा झाल्यावर वा त्याने २५ वर्षं शस्त्र बाळगल्यावर, ते वारसाच्या नावावर करण्याचा अर्ज शस्त्र नियम, २०१६ नुसार करता येतो. पात्रता मात्र वारसालाही तीच.

आणि परवाना मिळाला म्हणजे डुक्कर मारायची मुभा मिळाली, असं नाही. त्यासाठी वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली वनखात्याची लेखी परवानगी वेगळी लागते. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कार्यालयात विचारा. मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता ठरतं, त्यामुळे मटणाचा विषयच नको. गवा तर पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्याकडे नळी वळवूसुद्धा नका.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की बंदूक पोलिस ठाण्यात जमा करायची नोटीस येऊ शकते. २०२४ ची विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, म्हणजे नेमकी भात कापायला आल्यावर. जमा केल्याची पावती परवान्याच्याच पिशवीत ठेवा, सोडवून आणताना तीच मागतात.