काउंटनन्स: चेहऱ्यातला ताणा

सोलापूरच्या पूर्व भागात मी संध्याकाळी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. परवा एक मुलगी वही घेऊन पुढे आली. उताऱ्यातल्या वाक्यात न्यायालय म्हणत होतं की असलं वर्तन आम्ही 'काउंटनन्स' करणार नाही. तिने कोश उघडला, तर पहिलाच अर्थ 'चेहरा, मुद्रा'. "सर, वर्तनाचा चेहरा करणार नाही म्हणजे काय?" गोंधळ अगदी रास्त होता. हा शब्द नाम म्हणून आला की चेहरा, आणि क्रियापद म्हणून आला की मान्यता देणं, चालवून घेणं. दोन अर्थांचा आपसात काय संबंध?

शब्द मूळचा लॅटिन. 'कॉन्तिनेरे' म्हणजे एकत्र धरून ठेवणं, आवरून धरणं. त्यावरून 'कॉन्तिनेन्तिया', म्हणजे संयम. जुन्या फ्रेंचमध्ये त्याला 'वागण्याची ढब' असा अर्थ आला आणि तेराव्या शतकात तो इंग्रजीत पोचला. माणूस स्वतःला कसा आवरून धरतो हे सगळ्यांत आधी कुठे दिसतं? तोंडावर. म्हणून ढबीचा झाला चेहऱ्यावरचा भाव, आणि चौदावं शतक संपेपर्यंत भावाचा झाला चेहरा. क्रियापदाचा मान्यतेचा अर्थ मागाहून, सोळाव्या शतकात आला. एखाद्याकडे प्रसन्न मुद्रेने पाहणं म्हणजे त्याला आपली संमती आहे असं दाखवणं. आपल्या 'कृपादृष्टी'तही हेच आहे, फक्त आपण डोळ्यांवर थांबलो.

आता यातला मला सर्वांत आवडणारा भाग. 'कॉन्तिनेरे'च्या पोटात 'तेनेरे' आहे, म्हणजे धरणं. पुणे-हैदराबाद महामार्गावर धावणारा कंटेनर त्याच घराण्यातला. 1786 साली कलकत्त्यात विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मुळातून निघालेल्या असाव्यात असं मांडलं. पुढच्या अभ्यासकांनी तो धागा धरून 'तेनेरे'चं नातं संस्कृतातल्या 'तन्' धातूशी जोडलं. तन् म्हणजे ताणणं, पसरणं. तंतू, तंत्र, संतान, तान, ताण हे सगळे त्याचेच, आणि मागावरचा ताणासुद्धा! त्या मुलीच्या घरी यंत्रमाग आहेत. तिला म्हटलं, तुझे वडील रोज ज्याला हात लावतात, तो या शब्दाचा लांबचा भाऊ आहे. तिला आधी खरंच वाटेना.

ताणा जवळून पाहिला असेल तर हे नातं पटतं. बीमवरून आलेले उभे धागे एकसारखे ताठ हवेत. ढिले पडले की धोटा अडकतो, फार ओढले की तुटतात. अनुभवी विणकर त्यांवरून नुसती बोटं फिरवतो आणि कुठे काय बिघडलंय ते सांगतो.

चेहऱ्याचंही असंच आहे. हाताचे स्नायू हाडाला धरून असतात. चेहऱ्यावरच्या बहुतेक स्नायूंचं एक टोक थेट त्वचेत गुंतलेलं असतं. म्हणून ते जरा आखडले की कातडीच हलते आणि आठी, खळी, मुरड दिसते. आपण गप्प बसलो असतानाही त्यांत थोडा ताण असतोच. डॉक्टर त्याला 'मसल टोन' म्हणतात, आणि हा 'टोन'ही ग्रीकमार्गे त्याच ताणण्याच्या मुळातून आला आहे. चेहऱ्याची नस, म्हणजे सातवी मस्तिष्क चेता, अचानक काम करेनाशी झाली की अर्धा चेहरा खाली ओघळतो. हा आजार चार्ल्स बेल यांच्या नावाने ओळखला जातो. चेहरा आपण आयुष्यभर धरून ठेवलेला असतो, हे तेव्हा कळतं.

आणि संमती? 1985 साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वर्षाच्या बाळांना एका टेबलावर ठेवलं. टेबलाच्या अर्ध्या भागावर नुसती जाड काच, खाली साधारण वीतभरापेक्षा जरा जास्त, तीसेक सेंटीमीटर खोल दिसेल अशी रचना. पलीकडे आई. बाळ काठाशी येऊन थबकलं, आईकडे पाहिलं. आईने बोलायचं नव्हतं, फक्त चेहरा करायचा होता. आईचा चेहरा आनंदी होता तेव्हा 19 पैकी 14 बाळं रांगत काच ओलांडून गेली. घाबरलेला होता तेव्हा 17 पैकी एकही गेलं नाही. बाळाला अजून शब्द येत नाहीत, पण परवानगी मात्र वाचता येते. इंग्रजी क्रियापदाचा अर्थ मला या काचेवर जितका नीट दिसला, तितका कुठल्याही कोशात दिसला नाही.

मराठीने मात्र संमती पाठीला दिली. पाठिंबा, पाठबळ, पाठराखण, पाठ थोपटणं. इंग्रजी शब्दातला माणूस समोर उभा राहून पसंती देतो, आपला मागे उभा राहून. तरी चेहरा आणि मान्यता एकत्र बांधणारा एक शब्द आपल्याकडेही आहे: मुद्रा. मुद्रा म्हणजे चेहऱ्यावरचा भाव आणि मुद्रा म्हणजे शिक्काही. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर वर राजमुद्रा असे आणि शेवटी 'मर्यादेयं विराजते' अशी मोर्तब. मजकूर इथे संपला, याच्या खाली कुणी काही घुसडू नये, असा तिचा अर्थ. शिक्कामोर्तब हा शब्द त्यातूनच रुळला. 'काउंटनन्स' आणि 'मुद्रा' यांची कुळं वेगळी, पण मान्यतेच्या मुद्रेवर मर्यादा आणि चेहऱ्याच्या शब्दामागे संयम, हे जवळ ठेवून पाहावंसं वाटतं.

वर्गात उशीर झाला होता. मुलीने वाक्याचं मराठी करून दाखवलं. आधी 'मान्यता देणार नाही' लिहिलं होतं, ते खोडून 'थारा देणार नाही' केलं. मी तेच ठेवायला सांगितलं.